तांड्यावर न पोचलेला निरोप

हे सुनंदालाही ठाऊक नाही. सुनंदा म्हणजे माझी बायको — तीस वर्षं संसार केलाय तिनं माझ्याबरोबर, माझ्या कोणत्या बनियनला कुठे भोक आहे तेसुद्धा तिला पाठ आहे — पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट कळत नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही, कदाचित म्हणूनच. समोर माणूस असला की माझी जीभ आत वळते. ती नको तेव्हा वळली होती, म्हणून तर हे लिहिणं नशिबी आलं.

पण एकदम तिथे नाही जाता येणार. आधी मला टेलिफोनचं सांगू द्या.

नेरहून यवतमाळकडे येताना आमचा फाटा लागतो. आज तिथे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार, पीकविमा, सातबारा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म — सगळं भरून देतो. त्याआधी त्याच जागेत माझं एस.टी.डी.-पी.सी.ओ. होतं. पिवळी पाटी, काचेची खोली आणि आत लाल आकडे पळणारं मीटर. खोलीत पंखा नव्हता. जास्त वेळ बोललेला माणूस घामानं निथळत बाहेर यायचा आणि म्हणायचा, "लय गरम बोलनं झालं बा!" हाच विनोद प्रत्येकाला आपल्यालाच सुचल्यासारखा वाटे, आणि मीही प्रत्येक वेळी मनापासून हसायचो. काय दिवस होते हो ते! आता मोबाइलवर सगळे सगळ्यांशी बोलतात आणि दुकानात कोणी कोणाकडे बघत नाही.

फाट्यापासून दोन किलोमीटर आत बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथे टेलिफोनची तार कधी गेलीच नाही, आणि मोबाइल आले तरी टेकडीमुळे रेंज पोचली नाही. त्यामुळे अख्ख्या तांड्याचा नंबर म्हणजे माझ्या दुकानाचा नंबर. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, दवाखान्याच्या कार्डावर — सगळीकडे माझाच नंबर, आणि पुढे दोन अक्षरं: पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे, माणूस आमचा आहे, निरोप मिळेल. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतात. दुसऱ्याचा नंबर आपला म्हणून द्यायचा? हो, द्यायचा. आणि त्या दुसऱ्यानं फोन उचलायचा, निरोप वहीत उतरवून घ्यायचा आणि पोचवायचा. याला पगार नव्हता, कायदा नव्हता. पण आलेला निरोप दाबून ठेवणं हे कोणाच्या मनातही येत नसे. तहानलेल्याला पाणी नाही म्हणण्यासारखं होतं ते.

मी स्वतः सायकलनं निरोप घेऊन जायचो. दिवाळीनंतर तांड्यातली काही घरं ऊसतोडीला निघून जात, मागे म्हातारी माणसं उरत. मग कारखान्याच्या गावाहून फोन येत. 'पोरगी झाली म्हणा.' 'गाय इकू नका म्हणा.' 'उद्या दहा वाजता आईले आनून बसवा, बोलतो.' दुसऱ्या दिवशी ती म्हातारी नऊलाच पायरीवर येऊन बसलेली, नवीन ओढणी वगैरे घेऊन — फोनवर दिसत नाही हे तिला माहीत असायचं, तरी. वाईट बातमीचा एक रिवाज होता. कोणी गेलं तरी 'गेलं' म्हणायचं नाही, 'तब्येत जास्त आहे' एवढंच सांगायचं. पण तांड्यातल्या बाया हुशार. मी सायकल हाणत आलो की त्या कामं टाकून उभ्या राहायच्या, आणि मी रमतगमत आलो की तिथूनच हाक, "कोनाले काय झालं रे, पोरगा का पोरगी?"

या सगळ्यात दौलत होता. दौलत त्या तांड्यावरचा, माझा शाळेतला दोस्त. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही नेरच्या शाळेत एका बाकावर. त्याच्या आईला मी याडी म्हणायचो. गोरबोलीत आईला याडीच म्हणतात. तिच्या हातची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी मी आधी चोरून खाल्ली — आमच्या घरी तेव्हा चालायचं नाही — आणि मग बापाशी भांडून उघड खाल्ली. त्या भांडणाचा मला फार अभिमान होता. आपण मोठा मर्दपणा केला असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. हसू येतं आता.

दहावीनंतर दौलत दुपारभर माझ्या बूथवर बसायचा. त्याला गावोगावचे कोड तोंडपाठ. गिऱ्हाइकानं गावाचं नाव घ्यायचा अवकाश, हा आकडे म्हणून मोकळा. माझा नंबर तर तो चाल लावून म्हणायचा. पुढे तो वणीला कोळशाच्या ट्रकवर लागला — आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा तो नखशिखांत काळा होऊन. दात तेवढे पांढरे. मोबाइल घेतला त्यानं, माझ्याआधी. पण तांड्यावर रेंज नाही, म्हणून याडीशी बोलायला फोन माझ्याच दुकानात. दर दोन दिवसांनी. "गजू, याडीले सांग, जेवलो म्हना." बस, एवढाच निरोप. मी तो कधी चुकवला नाही.

बघा, अजूनही मी फोनच्याच गोष्टी सांगतोय. गोड गोड. या गोष्टी मला येतात. पुढची येत नाही.

त्या दिवशी उन्हाळा लागला होता आणि सकाळचे अकरा वाजले होते. दुकानात चार माणसं पेपर वाचत बसली होती, एकाच पेपरची पानं वाटून घेऊन. फोन वाजला. मी उचलला. पलीकडे एक हवालदार होते — आवाज भला होता, आपल्याच भागातला. म्हणाले, "दौलत नावाच्या इसमाले अटक झाली हाय. त्याचा मोबाइल जमा करून सील केला हाय, त्याच्या तोंडपाठ एवढाच नंबर हाय. अटक झाली का मानसाच्या घरच्याइले कळवा लागते, तसा कायदा हाय. तुमी त्याचे कोन?"

मी विचारलं, "काय केलं?" आवाज मुद्दाम बारीक ठेवून.

त्यांनी सांगितलं. ट्रकमध्ये कोळशाखाली दोन पोती सापडली होती, त्यांत सुरुंग लावायचं सामान. ते जंगलातल्या बंदी घातलेल्या टोळीकडे चाललं होतं असा संशय. दहशतवादाचा कायदा लावला होता. "उद्या कोर्टात उभं करून राह्यले," ते म्हणाले. "वकील पाह्यचा असन तं आजच पाहा. चौकशी चालू असताना वकिलाले भेटाचा हक्क असते त्याले. घरच्याइले सांगा."

किती नीट सांगितलं बघा त्या माणसानं. कायद्यात होतं ते सांगितलं, आणि माणुसकीचं होतं तेही.

मी म्हणालो, "या नावाच्या माणसाला मी ओळखत नाही."

त्यांनी परत विचारलं, "नक्की? तो तं म्हनते, गजू माह्या दोस्त हाय."

"नाही साहेब. राँग नंबर आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

एका मिनिटाचंही काम नव्हतं. पेपरामागून कोणीतरी विचारलं, "कोनाचा होता?" मी म्हणालो, "राँग नंबर." आणि त्याला क्रीडा पान मागितलं. मी क्रीडा पान कधी वाचत नाही.

का केलं? कितीदा विचारलं मी स्वतःला. तेव्हा माझ्या धाकट्या भावाची नोकरी लागत होती, पोलीस पडताळणी व्हायची होती — हे एक कारण मी बरेच दिवस उराशी धरून ठेवलं. दुकानातली चार माणसं, हे दुसरं. पण तुमच्याशी कशाला खोटं बोलू? खरं कारण याहून वाईट आहे. दहशतवाद हा शब्द कानावर पडला आणि माझ्या मनात आलं — केलंही असेल. ट्रकवाला माणूस, जंगलातून येणं-जाणं, नवा मोबाइल... तांड्यातला... हो, तेही मनात आलं. एका बाकावर सहा वर्षं बसलो, त्याच्या आईच्या हातचं खाल्लं, त्यासाठी बापाशी भांडलो, आणि एक फोन येताच माझ्या आतून हे निघालं. केलंही असेल. ते कुठे बसलं होतं इतकी वर्षं?

तिसऱ्या दिवशी याडी आली. दोन किलोमीटर उन्हात चालत. "गजानन, दौलतचा फोन?"

"नाही याडी."

"गाडी दूर गेली असन," ती म्हणाली, आणि बसली पायरीवर.

चौथ्या दिवशी आली. पाचव्या दिवशी आली. सुनंदा तिला चहा द्यायची, मी आत कागद लावत बसायचो. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "तुया फोन बिघडला असन, बेटा. पाह्य बरं." मी रिसीव्हर उचलून तिच्या कानाला लावला. आतून तो घुंऽऽ आवाज येत होता. तिनं तो बराच वेळ ऐकला, जणू त्यात दौलत असेल. मग म्हणाली, "वाजते तं." आणि माझ्याकडे बघून हसली. मला बरं वाटावं म्हणून हसली ती, माझा फोन चांगला आहे म्हणून.

तेव्हा सांगता आलं असतं. रोज सांगता आलं असतं. पण पहिल्या दिवशी नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कसं सांगणार — कधी आला होता फोन, काल का नाही बोललास? आणि दुसऱ्या दिवशी नाही तर मग सहाव्या दिवशी कोणत्या तोंडानं? खोटं वाढवायला काही करावं लागत नाही हो, नुसतं गप्प बसलं की पुरतं.

नवव्या दिवशी पेपरात आलं. फोटो होता — तोंडावर काळा कपडा, दोन्ही बाजूंना पोलीस. पण उभं राहायची ती ढब, एक खांदा खाली — मी लगेच ओळखलं. याडीनंही ओळखलं. तिला वाचता येत नव्हतं, तिनं फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा माह्याच हाय ना?"

मग मात्र मी धावलो. काय धावलो म्हणता! यवतमाळला जाऊन वकील शोधली मीच. एक बाई होत्या, हुशार, करड्या आवाजाच्या. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. वकीलबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं — याडी, मी आणि तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, असे तिघे समोर बसलो होतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरत नाहीत. पण आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढं धरतात. दौलतनं कोठडीत एका कागदावर सही केली होती. त्या कागदावरून, पेपरात फोटो आला त्याच दिवशी, त्याच्या तांड्यावरच्या घराची झडती झाली आणि कणगीच्या मागून वायरचं एक बंडल निघालं. ते तिथे कसं आलं, देव जाणे. "पहिल्या दिवशी मी तिथे असते ना," बाई म्हणाल्या, "तर ही सही झाली नसती. चौकशीत अधूनमधून वकिलाला भेटायला मिळतं, तेवढ्यानं माणसाला धीर येतो. पण हा नऊ दिवस एकटा होता."

पोती दुसऱ्या एका ड्रायव्हरनं ठेवायला दिली होती, हे पुढे बाहेर आलं. पण ते पुढे. या कायद्यात जामीन सहजी मिळत नाही. दौलत सात वर्षं जेलात होता. त्याची मुलगी पहिलीत होती, ती आठवीत गेली. याडी दर मुलाखतीला जायची, जमेल तेव्हा मी तिला घेऊन जायचो. लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा. मी ऐकून घ्यायचो. गोड लागायचं हो ते. त्यातलं सगळ्यात ओंगळ काय असेल तर ते — मला ते गोड लागायचं.

माझी कबुली एवढ्यावर संपली असती तरी पुरेशी होती. पण मी तिथेच थांबलो नाही.

खटला सुरू झाला तेव्हा वकीलबाईंनी कागदांच्या गठ्ठ्यातून एक पान काढून माझ्यापुढे धरलं. ठाण्याच्या नोंदवहीची नक्कल. त्यात लिहिलं होतं — आरोपीने सांगितलेल्या दूरध्वनी क्रमांकावर अटकेबाबत कळविले असता, समोरील इसमाने आरोपीस ओळखत नसल्याचे सांगितले. खाली त्या हवालदारांची सही. वकीलबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. "हा तुमचा नंबर. असा फोन आला होता?"

याडी शेजारच्या खुर्चीवर होती.

"नाही, ताई," मी म्हणालो. "आला असता तर मी त्याच दिवशी नसतो का आलो?"

बाईंचे डोळे चमकले. "मग ही नोंद खोटी आहे. घरच्यांना कळवलंच नाही आणि कागदावर कळवलं दाखवलं. हे तुम्ही शपथेवर सांगाल?"

सांगितलं. कोर्टात उभा राहिलो, खरं सांगेन म्हणालो आणि खोटं सांगितलं. सरकारी वकिलांनी उलटसुलट विचारलं, मी एकदाही अडखळलो नाही. ठाण्याचा फोन बंद होता म्हणून हवालदारांनी स्वतःच्या मोबाइलवरून केला होता, आणि इतक्या वर्षांनी त्याची नोंद कुठून मिळणार? ते हवालदार मागच्या बाकावर बसले होते. उंच, अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट. त्यांनी माझ्याकडे रागानं नाही बघितलं. नुसतं बघितलं.

दौलत सुटला. निकालात त्या नोंदीबद्दल चार ओळी होत्या — आरोपीच्या हक्कांकडे दुर्लक्ष झालं, नोंद विश्वास ठेवण्याजोगी वाटत नाही, असं काहीतरी. त्या ओळींवरून हवालदारांची खात्याकडून चौकशी झाली. त्यांचं प्रमोशन गेलं ते गेलंच.

तुम्ही म्हणाल, पण दोस्त तर सुटला ना? मीही तेच म्हणत होतो. मग एक दिवस वकीलबाईंनाच सहज विचारलं, माझ्या साक्षीमुळे सुटला का हो? त्या म्हणाल्या, "तुमची साक्ष नसती तरी सुटला असता. झडतीचे दोन्ही पंच उलटले होते, तिथेच केस संपली होती." त्या सहज बोलल्या आणि दुसऱ्या फाईलकडे वळल्या. म्हणजे माझ्या खोट्यानं दौलतला काही मिळालं नव्हतं. जे मिळालं ते मला. आणि गेलं ते त्या हवालदारांचं.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर याडीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. "तू होता म्हून, बेटा." दोन वर्षांनी ती वारली. तिच्या मातीला मी खांदा दिला.

हवालदार मला पुढे एकदाच भेटले. रिटायर होऊन ते आपल्या गावी, बाभुळगावकडे आले होते. मी एका लग्नाला गेलो होतो, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा सांगितला, तर पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "हा आवाज मले पाठ हाय."

वळून बघितलं. तेच. केस पिकलेले. ते समोर येऊन बसले. "कोर्टात आयकला," ते म्हणाले. "त्याच्या आंधी फोनवर आयकला. भेले असान तुमी, ते मले समजते. दहशतवाद म्हटलं का कोनीबी भेते. पन म्या फोन केलता. हे तुमाले आन् मले, दोघाइलेच माहीत हाय. माही बायकोबी मानत नाही आता."

हॉटेलात माणसं होती. लग्नातलीच दोन-तीन ओळखीची. आणि मी — काय बोललो असेन मी? इतकी वर्षं गेली होती, भावाची नोकरी लागून तो बदलीवर गेला होता, भ्यायला कोणी उरलं नव्हतं. मी म्हणालो, "तुम्हाला राँग नंबर लागला असेल, साहेब."

त्यांनी मान हलवली. उठले, पायातली चप्पल नीट सरकवली आणि गेले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते नाव माझ्यामुळे एकदा खराब झालं, तेवढं पुरे.

दौलत आता तांड्यावरच असतो. ट्रक सोडला. वडिलांच्या वाट्याची तीन एकर आहे, कापूस आणि तूर करतो. मुलगी नर्सिंगला गेली, तिचे सगळे फॉर्म मी भरले. मी दिसलो की ती वाकून पाया पडते, कारण बापानं तिला सांगून ठेवलंय, या काकानं मले सोडवलं. आणि मी आशीर्वाद देतो. काय म्हणून देतो?

जेलाबद्दल दौलत बोलत नाही. कधीच नाही. पण मागच्या महिन्यात कापूस वेचून झाला आणि तो दुपारचा दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. सुनंदानं चहा दिला आणि ती आत गेली. दौलत बशीत चहा ओतता ओतता एकदम हसायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"येक गोष्ट आठोली. तुले सांगतलीच नाही कधी." तो अजून हसतच होता. "त्या पयल्या दिवशी, तो हवालदार नाही का, त्यानं मले येऊन सांगतलं — तुया दोस्त म्हनते, मी ओळखत नाही. मले असा राग आला! म्या म्हटलं, साहेब, खोटं बोलता तुमी. गजू असं म्हननारच नाही. तुमी फोनच नाही केला. तो बिचारा निंगून गेला. दुसऱ्या दिवशी कोर्टात नेलं. जजसाहेबानं इचारलं, वकील हाय का? म्या म्हटलं, नाही. तं म्हने, सरकारकडून देऊ का, फुकट असते, आत्ताच देतो. वकील तिथंच उभा होता बे, काळा कोट घालून. आन् म्या काय म्हटलं माहीत हाय?"

मी मान हलवली, नाही.

"म्या म्हटलं, नको साहेब. माह्या मानूस वकील घेऊन येऊन राह्यला." त्यानं बशी तोंडाला लावली, एक घोट घेतला. "लिहून घेतलं त्याइनं, वकील नको म्हून. म्या सही केली. मंग रोज बसवत समोर, का टाक सही या कागदावर. म्या म्हनो, माह्या मानूस आला का टाकतो. पाच दिवस हानलं, तरी नाही टाकली. रोज वाटे, आज येते गजू. सहाव्या दिवशी टाकली."

बाहेरून एक एस.टी. गेली. त्यानं बशी खाली ठेवली.

"फोनच झाला नवता, तं तू येशीन कसा?" दौलत म्हणाला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता तो. "आन् मी तो फुकटचा वकील सोडून वाट पाह्यत बसलो. किती येडा होतो मी, सांग बरं."

तो माझ्याकडे बघत होता. दुकानात आम्ही दोघेच होतो.

मी म्हणालो, "येडाच होता तू."